न विरघळणारे बुडबुडे

अलेक्झांड्रिया, ५ फेब्रुवारी

मोताझ,

'प्रिय' लिहावं की नाही यात दोन कागद वाया गेले, म्हणून तो शब्दच गाळलाय. हवा तर तू लावून घे.

माझ्या ईमेल तू उघडत नाहीस हे मला कळतं. तू गेल्यापासून एकही उत्तर नाही म्हणजे टपाल चुकत नसणार, माणूसच चुकवत असणार. म्हणून तुझ्या आईकडून गोथेनबर्गचा पत्ता मागून घेतला आणि हातानं लिहितेय. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

जाताना तू जे म्हणालास, "तुम्हाला विद्यार्थी नकोय दोक्तोरा, जन्माचा गडी हवाय," त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. दोन्ही बाजूंनी तोंडं सुटली होती, ते राहू दे. मला एक किरकोळ गोष्ट विचारायचीय.

तिकडच्या प्रयोगशाळेत ग्राफाइटवर पाणी सोडताना तुम्ही सिरिंज कसली वापरता? प्लास्टिकची की काचेची?

हसू नकोस. इथं डॉलर मिळत नाहीत, बंदरात माल अडकून पडलाय, आणि इंजेक्शनच्या साध्या सिरिंजसुद्धा दिसेनाशा झाल्यात. आपला औषधवाला हम्मूदा परवा मला म्हणतो, "दोक्तोरा, आजारी कोण आहे ते सांगा, मग देतो." मी म्हटलं, "पाणी आजारी आहे." नाहीच दिली. मग घरून आईची जुनी काचेची सिरिंज शोधून आणली. आई गल्लीभर इंजेक्शनं द्यायची, तेव्हाची, पत्र्याच्या डबीत कापसात गुंडाळलेली. नहलाला दाखवली तर म्हणाली, "ही म्हशीची ना?" नहला म्हणजे आता तुझ्या टेबलावर बसते ती. आपल्याच बुडबुड्यांवर पीएच.डी. करतेय. हुशार आहे, तोंडाळ आहे, आणि भांडी घासायचा तिला तुझ्याइतकाच कंटाळा आहे.

तर या सिरिंजनं बुडबुडे येत नाहीयेत. नहलाचा हात अजून बसला नसेल. तरी तुझं मत कळव.

तुझी आई बरी आहे. गुडघे सोडून.

इगलाल


२ मार्च

मोताझ,

उत्तर नाही. ठीक आहे.

नहलाच्या हाताला मी उगाच दोष दिला. प्रयोग मी स्वतः केला होता, आणि माझ्या हाताला तू तरी नावं ठेवणार नाहीस.

आपला प्रयोग तुला सांगायची गरज नाही, पण मी तो स्वतःलाच पुन्हा सांगतेय, कारण पाय कुठं घसरला ते शोधायचंय. ग्राफाइटचा ताजा सोललेला तुकडा. त्यावर आधी अल्कोहोल, मग सिरिंजनं सावकाश पाणी. पाणी अल्कोहोलला ढकलून देतं, आणि त्यातली हवा तळाला चिकटून बुडबुडे होऊन बसते. डोळ्यांना दिसायची गोष्टच नाही, इतके बारीक. सूक्ष्मदर्शकाचं अणकुचीदार टोक पृष्ठभागावर टपटपत फिरतं, आंधळ्यानं बोटांनी चेहरा चाचपावा तसं, आणि पडद्यावर टेकाडं उमटतात. पुस्तकं सांगतात की एवढासा बुडबुडा पापणी लवायच्या आत विरघळून जायला हवा. आपले दिवसेंदिवस तसेच बसून राहायचे. हवा काढून टाकलेलं पाणी वरून सोडलं तरी जागचे हलायचे नाहीत. त्यावर आपण दोघांनी शोधनिबंध लिहिला, तो जगभर वाचला गेला आणि त्याच्या जोरावर तू गोथेनबर्गला गेलास.

काचेच्या सिरिंजनं एकही टेकाड येत नाही. सगळं सपाट.

आधी मला वाटलं, सिरिंजच घाण असणार. आईच्या काळचं काय काय तिला चिकटलेलं असेल. मग तिला आपली नेहमीची शिक्षा दिली. उकळली, ॲसिडात बुडवली, शुद्ध पाण्यानं खळखळून धुतली, भट्टीत भाजली. नव्या पोरांना आपण पहिले काही आठवडे नुसती भांडी धुवायला लावायचो ना? काचेवरून पाणी अखंड पडद्यासारखं ओघळलं तर स्वच्छ, आणि पडदा फाटून थेंब झाले तर पुन्हा ॲसिड. तू वैतागून म्हणायचास, "दोक्तोरा, मी रसायनशास्त्र शिकायला आलोय की हॉटेलात लागलोय?" तुझ्या हातची भांडी मात्र नंतर माझ्यापेक्षा चोख निघायची, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

भाजलेल्या सिरिंजनंही सपाट.

मग शेजारणीकडून प्लास्टिकची एक सिरिंज उसनी आणली. पाणी तेच, अल्कोहोल तेच, ग्राफाइट त्याच तुकड्याचं. पडद्यावर टेकाडंच टेकाडं. बाजार भरल्यासारखी गर्दी.

मी खुर्चीत बसून राहिले. नहला म्हणाली, "आले की दोक्तोरा! मग रडताय कशाला?"

मी रडत नव्हते, मोताझ. पण ती पोरगी खोटं बोलते असंही नाही.

पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. खात्री होईपर्यंत मी ते कागदावर उतरवत नाही.

इगलाल


१९ मार्च

मोताझ,

खात्री झाली. ते बुडबुडे नाहीत. तेलाचे थेंब आहेत.

नहलानं कोऱ्या प्लास्टिक सिरिंजमधून अल्कोहोल खेळवलं, ते सुकवलं, आणि मागे जो पुसटसा डाग राहिला त्याचा अवरक्त वर्णपट काढला. कल्पना तिची, हात तिचे, मी नुसती बाजूला उभी होते. आलेखावर सिलिकॉनची खूण अशी उभी राहिली की नाकारायची सोय नाही. दट्ट्या नळीत सहज सरकावा म्हणून कारखान्यात आतून सिलिकॉनच्या तेलाचा हात फिरवतात. अल्कोहोल त्यातलं थोडं उचलतं. पाणी आलं की ते तेल पाण्यातून बाहेर पडतं आणि ग्राफाइटवर जाऊन बसतं. हवा काढलेल्या पाण्यातही ते टिकतात, हा आपण चमत्कार म्हणून मिरवला! तेल कशाला विरघळेल? चूक पहिल्या दिवसापासून आपल्या तोंडावर ओरडत होती आणि आपण तिला शोध म्हणालो.

मला लाज कशाची वाटते सांगू? आपण जगातल्या प्रत्येक भांड्यावर संशय घेतला. चंबू, पेले, झाकणं, चिमटे, काही सोडलं नाही. फक्त जी वस्तू पाकीटबंद आली, तिच्यावर 'निर्जंतुक' असं छापलेलं वाचून निमूट विश्वास टाकला. जंतू नाहीत म्हणजे स्वच्छ, असं दवाखान्यात म्हणावं. आपण म्हणावं?

निबंध मागे घ्यावा लागेल. त्यावर नावं आपल्या दोघांची आहेत, तेव्हा संपादकाला पत्रही दोघांनी लिहायला हवं. एवढं लिहून मी हे पाकीट बंद करणार होते, तेवढ्यात तुझी आई आली. भात भरलेल्या कोबीच्या पानांचा महशी घेऊन, मोठ्या पातेल्यात, जणू माझ्या घरी वऱ्हाड उतरलंय.

"दोक्तोरा, ऐकलंत का? माझ्या मोताझची कायमची नोकरी होतेय! मे महिन्यात मुलाखत. तुमचे ते पाण्याचे फुगे आहेत ना, त्यावरच म्हणे सगळं."

"बुडबुडे."

"तेच ते. अल्ला तुमच्या हातांना बरकत देवो. तुम्ही नसतात तर हा पोरगा बापासारखा ट्रामवर तिकिटं फाडत बसला असता."

"बसा ना, उम्म मोताझ. चहा टाकते."

"चहा कसला, रमझान तोंडावर आलाय, अख्खं घर धुवायचं पडलंय." आणि तरी बसली. मग पातेल्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाली, "एक मागू? तुम्ही त्याला पत्रं पाठवताय म्हणे. त्याला टोचेल असं काही लिहू नका हो आता. फोनवर आवाज कसा लागतो त्याचा, घशात माशाचा काटा अडकल्यासारखा. काही बोलायचं असेल तर मला बोला, मी ऐकून घेईन."

मी चहा टाकायला उठले.

म्हणजे तू पत्रं वाचतोयस, एवढं कळलं. आणि हेही कळलं की या घडीला निबंध मागे घेतला तर तुझी मुलाखत मुलाखतीआधीच संपली. कायमची नोकरी नाही म्हणजे तिथं राहायचा परवाना नाही, म्हणजे परत इथं, जिथं मला एक सिरिंज मिळत नाही तिथं तुला नोकरी कोण देणार?

मी ठरवलंय. मुलाखत होऊ दे. मग दोघं मिळून लिहू. हे बरोबर नाही हे मला समजतं, तरी करतेय.

नहलाला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "आणि माझा प्रबंध? मी काय तेलावर लिहू?"

"हो, तेलावर लिही. ते तरी खरं आहे."

"लिहीन. पण तेल आहे हे तुम्ही मला कुणाला सांगू देत नाही, मग लिहिणार कशी?" पिशवी उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली, ती माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसली.

इगलाल


१४ एप्रिल

प्रिय मोताझ,

बघ, शब्द परत आला.

काल उपास सोडायच्या वेळेला तुझी आई कतायेफची मिठाई घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "तुमच्या लाडक्याचा फोन होता. माझी तब्येत विचारायच्या आधी तुमच्या सिरिंजची विचारली."

"काय विचारलं?"

"कुठल्या कंपनीच्या होत्या म्हणे. आणि काचेची किती वेळ उकळली, ॲसिड कुठलं, आणखी काय काय. मी म्हटलं, अरे मेल्या, मी काय त्यांची नर्स आहे? सरळ त्यांना फोन लाव की. तर म्हणतो, आई, तूच विचार."

मी इतकी हसले की ठसका लागला. तू प्रयोग करून पाहतोयस तर! मला फोन करायची तुला लाज वाटते आणि आईला हेरगिरीला पाठवतोस. बरं, नको करूस फोन. माणसाला ताठा असावा, तुझ्यात तो माझ्यापासूनच आलाय.

सगळं सोबत पाठवतेय. पाकिटात पेनड्राइव्ह आहे. त्यात काचेच्या सिरिंजची चित्रं, प्लास्टिकची चित्रं, नहलानं काढलेला वर्णपट, सिरिंजांच्या कंपन्यांची नावं आणि धुण्याची पूर्ण रीत आहे. आम्ही अल्कोहोलऐवजी नुसतं पाणी खेळवून पाहिलं तेही घातलंय, म्हणजे तुला पुन्हा खपावं लागणार नाही. तू आधी मुलाखतीची तयारी कर. मुलाखतीत बुडबुड्यांवर फार बोलू नकोस, पण विचारलं तर खोटंही बोलू नकोस. एवढी कसरत तुला जमेल.

एक गोष्ट मात्र मला खाते. इझमीरहून एका बाईंचं पत्र आलंय. त्या आपला निबंध वाचून तसेच बुडबुडे करायला बसल्यात, कधी येतात कधी येत नाहीत म्हणून मला युक्ती विचारतात. मी उत्तर दिलं की थोडं थांबा, आम्ही काही तपासतोय. नहला माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"थोडं म्हणजे किती, दोक्तोरा?"

"मे संपेपर्यंत."

"त्या बाईंचेही महिने जातायत. त्यांनाही आई असेल, तीही महशी करत असेल."

हिला बोलायला कुणी शिकवलं असं मी विचारणार होते. मग आठवलं, या टेबलावर बसणारी सगळीच पोरं मला असं बोलतात.

मला झोप नीट लागत नाही. तरी आज बरं वाटतंय, खोटं कशाला सांगू. हरवलेलं माणूस सापडल्यासारखं वाटतंय. ईदची कहक बिस्किटं तुझ्या आईबरोबर करणार आहे. तुझ्या वाटची वेगळी काढून ठेवते, मग मीच खाईन.

तुझी,
इगलाल


२४ मे

मोताझ,

आज सकाळी संपादकांचा मेल आला. तो समोर ठेवूनच लिहितेय.

ते लिहितात की एप्रिलच्या अखेरीस डॉ. मोताझ यांनी त्यांना स्वतःहून कळवलं. गोथेनबर्गच्या प्रयोगशाळेत जुन्या निष्कर्षांची फेरतपासणी करताना त्यांना असं आढळलं की ते बुडबुडे नसून सिलिकॉनचे थेंब आहेत. नमुने अलेक्झांड्रियात, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, मार्गदर्शकांनी पुरवलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजनं तयार झाले होते, त्यामुळे तेव्हा त्यांना शंका घ्यायला जागा नव्हती. सोबत पुरावे जोडलेत.

मी पुरावे उघडले.

दुसऱ्या चित्रात डाव्या कोपऱ्याला एक तिरपी पायरी आहे. ग्राफाइट सोलताना चिकटपट्टी सटकली की येते तशी. ती नहलाच्या हातून सटकली होती. मी तिला त्यासाठी रागावलेही होते. तेच चित्र आहे. तोच वर्णपट आहे. काचेची सिरिंज उकळायची, ॲसिडात बुडवायची आणि भट्टीत भाजायची रीत तर शब्दन् शब्द माझ्या कागदावरची आहे, फक्त इंग्रजीत. तू तिथं एक चमचा पाणीसुद्धा हलवलेलं नाहीस.

खाली संपादकांनी मला एकच प्रश्न विचारलाय: 'आपल्याला हे केव्हापासून माहीत होतं?'

आता मी काय सांगू? मार्चपासून माहीत होतं. म्हणजे शिष्य प्रामाणिक, त्यानं कळल्याबरोबर कळवलं, आणि म्हातारी मार्गदर्शक महिनोन्‌महिने दाबून बसली होती. आणि यातला म्हातारीचा भाग खरा आहे! तोच तर तू इतका पक्का बांधलायस. मी थांबले, कुणासाठी थांबले ते फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तू ते बोलणार नाहीस.

मेलची प्रत आमच्या डीनलाही गेलीय. जेवायच्या आधीच मला बोलावणं आलं. चौकशी समिती बसेल. तोवर मला कुणाच्याही प्रबंधावर सही करता येणार नाही.

मला तुझा राग आलाय, मोताझ. नुसता राग नाही, घृणा आलीय, आणि ती जरा वेळानं ओसरते आणि मग मला वाटतं, पोरगं घाबरलं असेल, एकटं असेल, कुणी तरी सल्ला दिला असेल. आणि असं वाटलं की मला स्वतःचा राग येतो. नहला दारात उभी होती. तिनं पडद्यावर आपलं चित्र बघितलं. म्हणाली, "हे माझं आहे." मग माझ्याकडे वळून, "दोक्तोरा, हे माझं आहे ना?" जणू तिला स्वतःचीच खात्री उरली नव्हती.

मी तुला तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा तू कट केलास.

काही गैरसमज असेल तर लिही. माझं नाव राहून गेलं असेल, नहलाचं राहून गेलं असेल, घाईत होतास, काहीही लिही. संपादकांनी मला दोन आठवडे दिलेत. मी वाट बघतेय.

इगलाल


६ जून

मोताझ,

तू लिहिलं नाहीस.

काल तुझ्या आईनं बोलावलं होतं. तुझी नोकरी पक्की झाल्याचं शरबत. जिन्यापासून बायकांच्या किलकाऱ्या ऐकू येत होत्या. जावं की न जावं याचा मी सकाळपासून विचार करत होते, आणि शेवटी गेले, कारण गेले नसते तर तिनं कारण विचारलं असतं.

तिनं मला सगळ्यांच्या मधोमध, पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. लाल शरबताचा पेला हातात दिला, वर दोन्ही गाल चुंबले. "बायांनो, याच त्या! यांनी माझ्या मोताझला माणूस केलं."

मी म्हटलं, "माणूस तुम्हीच केलात, उम्म मोताझ. मी भांडी घासायला लावली."

सगळ्या हसल्या. मग तिनं ऐकवलं, फोनवर तू तिला सांगितलेलं. मुलाखतीत समितीपुढं तू काय केलंस ते. "तो उभा राहिला आणि म्हणाला, माझा सगळ्यात गाजलेला शोध चुकीचा आहे, आणि ते मीच शोधून काढलंय. अगं, सगळे गप्प! मग त्यातला सगळ्यात मोठा प्रोफेसर म्हणाला, स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगणारा माणूस आम्हाला हवाय." तिचे डोळे भरून आले होते. "दोक्तोरा, यांना समजावून सांगा ना, काय शोधलं माझ्या पोरानं?"

पंखा फिरत होता. तुझी चुलती होती, खालच्या मजल्यावरची ती शिंपीण होती, माझ्याकडे बघत. मला एवढंच करायचं होतं की तोंड उघडायचं.

"एक मोठी चूक सापडली," मी म्हणाले.

"कुणाची?" शिंपिणीनं विचारलं.

"आमची. त्याची आणि माझी."

"बघा!" तुझी आई म्हणाली. "दुसऱ्याची चूक कुणीही काढेल. स्वतःची काढायला वाघाचं काळीज लागतं." आणि तिनं माझा रिकामा पेला पुन्हा भरला. मी तोही प्यायले. फार गोड होतं.

तू फक्त मला बुडवलं असतंस तर मी गप्प बसले असते. हे मी तुला खरं सांगतेय, मोठेपणा म्हणून नाही. माझी निवृत्ती जवळ आलीय, मला आता कुणी काय काढून घेणार? मी समितीपुढं मान खाली घातली असती, घरी येऊन तुला चार शिव्या दिल्या असत्या, आणि तुझ्या आईच्या हातचं शरबत पीत राहिले असते. मला ते जमलं असतं. मी तुला फार जीव लावला होता.

पण ते चित्र नहलाचं आहे. तो वर्णपट नहलाचा आहे. तिच्याकडे दुसरं काहीच नाही. बुडबुडे गेले, आणि बुडबुडे का गेले हेच तिचं एकमेव काम होतं, तेही आता तुझ्या नावानं छापलं जाणार. समिती तिला विचारील, मग तुमचा प्रबंध कशावर? ती म्हणेल, तेलावर. ते म्हणतील, ते तर डॉ. मोताझ यांनी आधीच दाखवलंय. तेव्हा ती पुन्हा मला विचारील, दोक्तोरा, ते माझं आहे ना? त्या पोरीच्या तोंडून हा प्रश्न मला दुसऱ्यांदा ऐकवणार नाही.

आज दुपारी मी संपादकांना उत्तर दिलं. निबंध चुकीचा आहे, मागे घ्यावा, असं लिहिलं. प्लास्टिकच्या सिरिंज आम्ही दोघांनीही वापरल्या, दोघांपैकी कुणालाही शंका आली नाही, असं लिहिलं. मला मार्चपासून माहीत होतं आणि मी गप्प राहिले, ती चूक माझी, तिचा दंड मी भरेन, असंही लिहिलं. आणि मग लिहिलं की डॉ. मोताझ यांनी जोडलेली मोजमापं आमच्या प्रयोगशाळेत नहलानं केलेली आहेत, मी ती त्यांना टपालानं पाठवली होती. उपकरणातून निघालेल्या मूळ फाइली जोडल्यात. तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द लिहिला नाही. तारखा त्या फाइलींवर आहेतच.

इझमीरच्या बाईंनाही कळवलं. नहलानंच लिहिलं, मी फक्त खाली सही केली.

पाठवायच्या आधी माझ्या मनात आलं होतं की तुला चार दिवस द्यावेत. आधी तुला कळवावं, म्हणजे तूच पुढं होऊन संपादकांना सांगशील, तुझीही अब्रू राहील आणि नोकरीही कदाचित. मी मेल तसाच ठेवून उठलेसुद्धा होते. मग नहला म्हणाली, "आणखी कुणासाठी थांबताय?" ती टोचायला बोलत नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी परत बसले आणि पाठवून दिला.

म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. तुझी नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. गेली तर मला वाईट वाटेल, आणि त्या वाईट वाटण्याला मी आता काही करू शकत नाही.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. उद्यापरवा कुणाकडून तरी तिच्या कानावर येईल, आणि गुडघे धरत धरत ती माझे जिने चढून विचारायला येईल. माझ्यासमोर ती रडेल, मला शिव्या देईल, ते मी ऐकून घेईन. पण तिचा मुलगा काय करून बसला हे तिला माझ्या तोंडून कळता कामा नये.

ते तू सांग. फोनवर नको. ये, आणि सांग.

इगलाल